थॉर खरंच ग्रह फोडू शकतो का? पराक्रमांचं माप कसं काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मार्व्हल कॉमिक्समधल्या थॉरवरून तुमचं आणि तुमच्या मित्राचं वाजलंय. तुमच्या मते तो ग्रह फोडणाऱ्यांच्या पंक्तीतला आहे, कारण पृथ्वीला विळखा घालून बसलेला सर्प त्याने उचललाय, पुढे मारलाय आणि एका सेलेस्टियलच्या (मार्व्हलमधल्या महाकाय अवकाश-देवाच्या) चिलखताला हातोड्याने भगदाड पाडलंय. मित्र म्हणतो, हे सगळं चाहत्यांनी फुगवलेलं आहे. हल्कने त्याला रोखून धरलं, हर्क्युलिसने हरवलं आणि ज्या फायरलॉर्डशी तो झुंजला त्या फायरलॉर्डला स्पायडरमॅनने लोळवलं. मग या पराक्रमांचं माप काढायचं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नेहमीच्या लढाईतला थॉर डोंगर उद्ध्वस्त करण्याच्या ताकदीचा आहे. ग्रहाच्या पातळीला तो क्वचित पोहोचतो, तेही काही खास परिस्थितीत आणि जबर किंमत मोजून. म्हणजे तुम्ही थोडे पुढे गेलात. तुमचा मित्र मात्र तुमच्याहून जास्त चुकलाय, कारण त्याचे तिन्ही पुरावे तपासायला घेतले की हातात फारसं काही उरत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हे लांबलचक उत्तर. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि लहानपणापासून ही कॉमिक्स वाचत आलोय, त्यामुळे गणित आणि कथा या दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे हा वाद इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. थॉर पहिल्यांदा आला ऑगस्ट १९६२ च्या ‘जर्नी इंटू मिस्टरी’च्या ८३ व्या अंकात. पुढे जानेवारी १९६५ च्या ११२ व्या अंकाची सुरुवातच अशी होते की काही पोरं रस्त्यात भांडतायत: थॉर ताकदवान की हल्क? थॉर तिथे येतो आणि त्यांना एका जुन्या लढाईची हकिगत सांगतो. त्या काळी नियम होता की हातोडा साठ सेकंद हातातून सुटला तर थॉर पुन्हा आपल्या मानवी रूपात, म्हणजे लंगडा डॉक्टर ब्लेक होणार. हल्कशी निव्वळ बाहुबलावर लढता यावं म्हणून थॉरचा बाप ओडिन तो नियम पाच मिनिटांसाठी उठवतो. दोघं झुंजतात आणि निकाल लागतच नाही. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी चाहत्यांचा वाद उचलून कथेत घातला आणि उत्तर जाणूनबुजून उघडं ठेवलं. तुमचा मित्र ‘हल्कने रोखून धरलं’ म्हणतो तेव्हा त्याने हेही सांगायला हवं की त्या लढाईत थॉरने आपलं मुख्य शस्त्र स्वतःहून बाजूला ठेवलं होतं. १९७३ च्या ‘डिफेंडर्स’मध्ये दोघं हातात हात अडकवून उभे राहतात आणि कुणीच हलत नाही, तिथेही ही ताकदीला ताकद अशीच कसोटी आहे. विजा, वादळ, हातोडा हे सगळं सोडून हल्कच्या बरोबरीला उभं राहणं हा माझ्या लेखी थॉरच्या बाजूचा पुरावा आहे.

आता थोडं मागे, थॉर जिथून आला त्या मूळ नॉर्स (उत्तर युरोपातल्या) पुराणात जाऊ. या वादाचा सगळ्यात सुंदर नमुना तिथे आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आइसलंडमध्ये स्नोरी स्टुर्लुसनने ‘गद्य एड्डा’ लिहिली. तिच्यात थॉर राक्षसांच्या प्रदेशात जातो. वाटेत स्क्रिमिर नावाचा अवाढव्य राक्षस झोपलेला असतो. थॉर त्याच्या डोक्यात तीनदा हातोडा हाणतो. राक्षस दर वेळी जागा होऊन विचारतो: पान पडलं का रे अंगावर? ओकाचं फळ पडलं का? पुढे राक्षसांचा राजा उटगार्ड-लोकी याच्या दरबारात थॉरला एक शिंग रितं करायला सांगतात. तीन दीर्घ घोट घेऊनही पेय जेमतेम खाली जातं. मग मांजर उचलायला सांगतात, तर तिचा एकच पंजा जमिनीवरून सुटतो. शेवटी एका म्हातारीशी कुस्ती होते आणि थॉर एका गुडघ्यावर येतो. दुसऱ्या दिवशी किल्ल्याबाहेर आल्यावर यजमान खरं सांगतो. स्क्रिमिर म्हणजे मीच होतो. तुझ्या घावांच्या आड मी डोंगर ठेवला होता, त्यात तीन दऱ्या पडल्या आहेत. शिंगाचं दुसरं टोक समुद्रात होतं आणि तुझ्या घोटांनी ओहोटी आली. मांजर म्हणजे पृथ्वीला वेढणारा सर्प. म्हातारी म्हणजे वार्धक्य, आणि तिच्यापुढे कुणीच टिकत नाही.

रात्री दरबारात बसलेल्या कुणाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता की थॉर मांजरही उचलू शकत नाही. सकाळी विचारलं असतं, तर त्याने समुद्र पिणारा थॉर सांगितला असता. रात्रीतून थॉरची ताकद तसूभरही वाढली नव्हती. समोर काय होतं, एवढंच सकाळी कळलं. पराक्रम मोजताना सगळ्यात आधी हेच विचारायचं: विरोधात नेमकं काय उभं होतं, आणि ते आपल्याला कोण सांगतंय? इथे सांगणारा थॉरचा प्रतिस्पर्धी आहे. तो कबूल करतो की तुझी ताकद आधी माहीत असती तर मी तुला आत येऊच दिलं नसतं. शत्रूच्या तोंडून नाखुशीने निघालेली साक्ष मी चाहत्याच्या साक्षीपेक्षा वरची मानतो. १९७८ मध्ये ‘थॉर’च्या २७२ व्या अंकात हीच कथा कॉमिक्समध्ये पुन्हा सांगितली गेली, त्यामुळे ‘सर्प उचलला’ या तुमच्या दाव्याला आधार आहे. फक्त तो उचलला किती, हे विसरू नका. मूळ कथेत एक पंजा सुटतो, अख्खा सर्प नाही.

बरं, मग त्या सर्पाचं वजन काढू. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, ही झाली सर्पाची लांबी. जाडी किती? कुणीच सांगितलेली नाही. एक किलोमीटर व्यास धरला आणि घनता पाण्याइतकी धरली, तर वजन येतं सुमारे ३१ लाख कोटी टन. व्यास शंभर मीटर धरला, तर ३१ हजार कोटी टन. दोन्ही आकडे अफाट आहेत, पण त्यांच्यात शंभर पटींचा फरक आहे आणि तो सगळा मी मनाने धरलेल्या एका संख्येतून आलाय. चित्रकार एका चौकटीत सर्प डोंगराएवढा जाड काढतो आणि पुढच्या पानावर थॉरच्या मिठीत मावेल एवढा. ज्याला आकडा फुगवायचाय तो पहिली चौकट घेतो, ज्याला खाली आणायचाय तो दुसरी. म्हणून कुणी अशा पराक्रमाचं ‘कॅल्क’, म्हणजे आकडेमोड, समोर ठेवलं की मी उत्तराकडे नंतर बघतो. आधी बघतो की मनाने धरलेल्या संख्या कोणत्या आणि त्या दुप्पट-निमपट केल्या तर उत्तर किती हलतं. उत्तर शंभर पट हलत असेल, तर ते मोजमाप थॉरचं नसून मोजणाऱ्याच्या आवडीनिवडीचं आहे.

याहून गमतीचं प्रकरण हर्क्युलिसचं आहे, आणि पौराणिक नायकांच्या ताकदीवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी सोडवून बघावं. डिसेंबर १९७४ च्या ‘मार्व्हल टीम-अप’च्या २८ व्या अंकात मॅनहॅटन बेट समुद्रात ओढून नेलं जातं आणि हर्क्युलिस ते परत ओढून आणतो. गणित करू. मॅनहॅटनचं क्षेत्रफळ सुमारे ५९ चौरस किलोमीटर. बेटाखालचा खडक फक्त ३० मीटर जाड धरला आणि त्याची घनता पाण्याच्या २.७ पट धरली, तर एकूण ४.८ अब्ज टन. दुसरीकडे मार्व्हलनेच १९८३ पासून काढलेल्या अधिकृत हँडबुकांमध्ये हर्क्युलिस आणि थॉर ‘क्लास १००’मध्ये बसतात, म्हणजे १०० टनांहून जास्त उचलणारे. दोन आकड्यांत जवळपास पाच कोटी पटींचं अंतर! इथे एक गट म्हणतो हँडबुक खोटं, दुसरा म्हणतो अंक खोटा. मला दोघांचंही पटत नाही. ‘१०० टनांहून जास्त’ या वर्गाला वरचं टोकच नाही. १०१ टन उचलणाराही त्यात बसतो आणि डोंगर उचलणाराही. हँडबुक इथे मर्यादा सांगत नाही, मोजणं कुठे सोडून दिलं तेवढं सांगतं.

आणि अंकाचं काय? बेट पाण्यावर तरंगत नसतं. ते समुद्रतळातून वर आलेल्या खडकाचं डोकं असतं. त्याला खालून कापलं तर ते तराफ्यासारखं वाहत जाणार नाही, तिथेच बसेल, कारण खडक पाण्याहून जड आहे. म्हणजे त्या कथेच्या जगात मॅनहॅटन तरंगतं, हे आधी मान्य करावं लागतं. एकदा ते मान्य केलं की हर्क्युलिसने ओढलेली वस्तू खऱ्या मॅनहॅटनइतकी जड आहे असं म्हणण्याचा हक्क आपण गमावला. तरंगणारी वस्तू हळूहळू ओढायला तिच्या वजनाच्या मानाने फारच थोडा जोर लागतो. त्यामुळे ‘हर्क्युलिस ४.८ अब्ज टन उचलतो’ हे वाक्य त्या अंकातून निघतच नाही. ओढणं आणि उचलणं यांत गल्लत करणारी पोस्ट दिसली की पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

एक मुद्दा बहुतेक वादांत येतच नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा: पायाखालची जमीन. समजा थॉरने १०० टन डोक्यावर धरले. पायांच्या दोन्ही तळव्यांचं मिळून क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटरच्या आसपास. त्याच्या पायाखालचा दाब येतो सुमारे २० मेगापास्कल. साधं काँक्रीट २० ते ४० मेगापास्कलला चिरडतं, आणि माती तर याच्या कितीतरी आधी खचते. याचा अर्थ, हँडबुकमधल्या किमान आकड्यालाच थॉर जमिनीत रुतायला लागला पाहिजे. हर्क्युलिसचंही तसंच. त्याचं वजन हँडबुक ३२५ पौंड, म्हणजे १४७ किलो देतं. काहीतरी आडवं ओढताना पाय घसरू नयेत म्हणून जमिनीशी जेवढं घर्षण लागतं ते एवढ्या वजनाच्या माणसाला फार तर स्वतःच्या वजनाइतकं मिळेल. त्याच्या दंडात कितीही बळ असो, बेटाआधी त्याचेच पाय सरकतील. चित्रात तो किनाऱ्यावर पाय रोवून उभा आहे आणि किनारा शाबूत आहे. म्हणजे या जगात बळ स्नायूंतून जमिनीत जात नाही, दुसरीच कुठली तरी वाट घेतं. दैवी म्हणा, जादू म्हणा. ते मान्य करण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण ज्याने ते मान्य केलं त्याने पुढच्याच वाक्यात न्यूटन आणू नये.

तर मग गणित फेकून द्यायचं का? मुळीच नाही. गणिताने दावा सिद्ध होत नसला तरी खोडता येतो, आणि तुमच्या ‘ग्रह फोडतो’ या दाव्यासाठी नेमकं तेच हवंय. पृथ्वीचे तुकडे तुकडे करून ते परत एकत्र येणार नाहीत इतके दूर उधळायचे, तर २.५ गुणिले १० चा ३२ वा घात इतके ज्यूल ऊर्जा लागते. सूर्य चहूबाजूंना जेवढी ऊर्जा फेकतो ती सगळीच्या सगळी साडेसात दिवस साठवली तर एवढी होईल. माणसाने उडवलेला सगळ्यात मोठा अणुबॉम्ब, १९६१ चा सोव्हिएत ‘झार बॉम्ब’, घेतला तर तसले सुमारे १२ कोटी गुणिले एक कोटी बॉम्ब लागतील. आता थॉरच्या अंकांमधली वाक्यं आठवा. ‘घावाने जग हादरलं’, ‘ग्रहाच्या गाभ्यापर्यंत कंप गेला’. हादरणं आणि फुटणं यांत किती अंतर आहे हे कळायला २००४ चा सुमात्राचा भूकंप पुरेसा आहे. त्याने खरोखरच अख्खी पृथ्वी थरथरली, दूरदूरच्या जमिनीही एखादा सेंटिमीटर वरखाली झाल्या. तरी त्याची ऊर्जा ग्रह फोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या अब्जावधी पटींनी कमी होती. ‘ग्रह हादरला’ या मथळ्यावरून कुणी ‘ग्रह फोडला’ म्हणू लागलं, तर त्याला इथेच थांबवायचं.

शाळेत अतिशयोक्ती अलंकारासाठी आपण सगळ्यांनी दमडीच्या तेलाचं उदाहरण पाठ केलंय. सासूबाईंचं न्हाणं, मामंजींची दाढी, उरलेलं झाकून ठेवलं ते सांडलं, वेशीपर्यंत ओघळ गेला आणि त्यात उंट पोहून गेला. पॉवर स्केलिंगचा, म्हणजे पात्रांची ताकद तुलनेने ठरवण्याच्या खेळाचा, बराचसा भाग असाच ओघळत जातो. थॉर फायरलॉर्डच्या बरोबरीचा, फायरलॉर्ड गॅलॅक्टसचा दूत, गॅलॅक्टस ग्रह खातो, म्हणून थॉर ग्रह फोडतो. एकेक पायरी ऐकताना पटते आणि शेवटी उंट पोहत असतो.

फायरलॉर्डचं उदाहरण तुमच्याच मित्राचं आहे, म्हणून ते नीट बघू. तो पहिल्यांदा आला १९७४ च्या ‘थॉर’च्या २२५ व्या अंकात. १९८५ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २६९ आणि २७० व्या अंकांत तो स्पायडरमॅनच्या मागे लागतो, शहरभर पळापळ होते आणि अखेरीस स्पायडरमॅन ठोसे मारमारून त्याला बेशुद्ध पाडतो. आता साखळी लावा: स्पायडरमॅन फायरलॉर्डहून वरचढ, फायरलॉर्ड थॉरच्या तोडीचा, म्हणून स्पायडरमॅन थॉरहून वरचढ. हा निष्कर्ष तुमच्या मित्रालाही मान्य नसणार, कारण तोच स्पायडरमॅन इतर शेकडो अंकांत साध्या गुंडांच्या टोळीपुढे दमतो. ज्या घटनेने पात्राचा उरलेला सगळा इतिहास खोटा ठरतो ती घटना मापाला घेऊ नये, तिला आउटलायर म्हणून बाजूला काढावं. पण बाजूला काढायची ती दोन्ही बाजूंनी. आपल्या लाडक्याचा एकमेव अफाट पराक्रम ठेवायचा आणि एकमेव लाजिरवाणा पराभव आउटलायर म्हणायचा, असं करणारा माणूस मोजत नसतो, वकिली करत असतो. माझा साधा नियम असा की वेगवेगळ्या लेखकांनी, वेगवेगळ्या दशकांत, पुन्हा पुन्हा दाखवलेली पातळी तीच खरी. थॉरच्या बाबतीत ती डोंगर, किल्ले, महाकाय राक्षस यांच्या आसपास येते. सेलेस्टियल एक्सिटारच्या चिलखताचं १९८८ चं प्रकरण त्याच्या बरंच वर आहे. ते मी नाकारत नाही, शिखर म्हणून नोंदवतो. रोजच्या चालीचं माप शिखरावरून घेता येत नाही.

उरला हर्क्युलिसकडून झालेला पराभव. मार्च १९६६ चा ‘थॉर’चा १२६ वा अंक. थॉर आणि हर्क्युलिस तोडीस तोड लढत असतात. ओडिन मुलावर रागावलेला आहे, तो लढाईच्या मधोमध थॉरची निम्मी ताकद काढून घेतो आणि मग थॉर हरतो. हा पराभव पुरावा म्हणून द्यायचा आणि निम्म्या ताकदीचा उल्लेख टाळायचा, हे अन्यायाचं आहे. उलट त्या अंकातून निघतं ते एवढंच की पूर्ण ताकदीचा थॉर हर्क्युलिसच्या खाली नाही. आणि हर्क्युलिसने स्वतः केलेल्या वर्णनांबाबत तर आणखी जपून. १९८५ च्या ३५६ व्या अंकात तो लहान मुलांना थॉरशी झालेल्या लढाईची गोष्ट तिखटमीठ लावून रंगवून सांगतो. त्या अंकातली चित्रं म्हणजे घटना नव्हेत, हर्क्युलिसच्या तोंडची बढाई आहे. त्यातल्या दोन चौकटी कापून ‘बघा, थॉरची काय अवस्था केली’ म्हणून फिरवल्या जातात. स्कॅन बघितला की आधीचं आणि नंतरचं पान मागायचं, ही सवय एवढ्यासाठीच हवी.

कोण बोलतंय हे न बघण्याचं आणखी एक प्रसिद्ध उदाहरण हातोड्याचं. मरणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात तो घडवला, असं २०११ च्या चित्रपटात ओडिन म्हणतो. २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी लिहिलं की हातोडा न्यूट्रॉन ताऱ्याच्या द्रव्याचा असेल तर त्याचं वजन ३०० अब्ज हत्तींएवढं भरेल. चाहत्यांनी लगेच मार्व्हलचं जुनं कार्ड काढून दाखवलं: वजन ४२.३ पौंड, धातू उरू. ४२.३ पौंड म्हणजे जेमतेम १९ किलो. टायसन यांचं गणित बरोबर होतं, पण ‘ताऱ्यात घडवला’ म्हणजे ‘ताऱ्याचाच केला’ असं होत नाही. भट्टीत घडवलेली कुऱ्हाड भट्टीच्या विटांची नसते. शिवाय हातोडा इतरांना उचलता येत नाही तो वजनामुळे नव्हे, ओडिनच्या मंत्रामुळे. म्हणून ‘थॉर हातोडा उचलतो’ या गोष्टीतून त्याच्या स्नायूंबद्दल काहीही कळत नाही, आणि ‘हल्कला हातोडा उचलता आला नाही’ यातून हल्कबद्दलही काही कळत नाही.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढची लढाई तिथेच होणार, म्हणून थोडक्यात. ‘अमक्याने थॉरची वीज चुकवली, म्हणून तो प्रकाशाच्या वेगाने पळतो’ हा दावा टिकत नाही. ढगातून खाली उतरणारी विजेची पहिली वाट सेकंदाला साधारण २०० किलोमीटर वेगाने येते. हा वेग प्रचंड आहे, तरी प्रकाशाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. लख्ख चमकणारा परतीचा झोत मात्र प्रकाशाच्या एक तृतीयांश वेगाच्या आसपास जातो. त्यातही बहुतेक चित्रांत माणूस वीज चुकवत नाही, थॉरचा हात उठलेला बघून आधीच उडी मारतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून काही जण नाराज होतात. दोन नायकांच्या लढतीचा निकाल कित्येकदा ताकदीवर ठरलेलाच नसतो. १९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसी यांनी आपापले नायक एकमेकांशी लढवले. अकरा लढतींपैकी पाचांचा निकाल वाचकांच्या मतांनी लागला, आणि त्यात स्टॉर्मने वंडर वुमनला हरवलं. थॉरने कॅप्टन मार्व्हलला, म्हणजे शझामवाल्याला, हरवलं ते लेखकांनी ठरवलेल्या लढतींमध्ये. २००३ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या तेव्हा सुपरमॅनने थॉरला पाडलं. यातल्या कोणत्याही निकालावरून कुणाच्या दंडाचं माप काढणं म्हणजे निवडणुकीच्या निकालावरून उमेदवाराची उंची काढण्यासारखं आहे. असे निकाल वाचायचे, आवडले तर मिरवायचे, पण पुराव्याच्या ढिगात टाकायचे नाहीत.

आता ज्या अंकासाठी मी हा सगळा खटाटोप आनंदाने करतो त्याकडे येतो. १९८७ चा ‘थॉर’चा ३८० वा अंक. लेखन वॉल्टर सायमनसन यांचं, चित्रांत सॅल बुसेमा. अंकाचं प्रत्येक पान म्हणजे एकच भलंमोठं चित्र आहे, आणि त्यात थॉर पृथ्वीला वेढणाऱ्या त्याच सर्पाशी, मिडगार्ड सर्पाशी, लढतो. पण त्याआधी मृत्यूची देवी हेला हिने त्याला शाप दिलाय: हाडं ठिसूळ होतील, मोडलेलं कधी जुळणार नाही आणि मरणही येणार नाही. मोडक्या शरीराला सावरायला तो चिलखत घालून हिंडतोय. स्वतःचा प्रत्येक घाव त्याचीच हाडं मोडतो, हे त्याला माहीत आहे. तरी तो घाव घालतो, सर्पाला मारतो आणि शेवटी त्याच्या देहात आधाराला एक हाडही धड उरत नाही.

तुम्ही हा अंक ‘सर्पाला मारलं, म्हणून ग्रहाची पातळी’ एवढ्यासाठी वापरला आहे. मला ते वाया घालवल्यासारखं वाटतं. ज्यूलमध्ये मोजायला गेलात तर सर्पाच्या जाडीपाशी पुन्हा अडकाल. कथा मात्र स्वतःचं माप स्वतः देते. मूळ पुराणात रॅग्नारॉकच्या, म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईच्या, दिवशी थॉर सर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलं चालून कोसळतो. म्हणजे सर्प हा थॉरच्या ताकदीचा शेवटचा काठ आहे. त्याच्यापर्यंत तो पोहोचतो आणि पलीकडे जाऊ शकत नाही. सायमनसनने त्या काठावर दुबळा झालेला थॉर नेऊन उभा केला. मला विचाराल तर कॉमिक्समधला थॉरचा हा सगळ्यात मोठा पराक्रम आहे, आणि त्याला आकडा नाही. वादात तो मांडायचाच असेल, तर असा मांडा: जग वेढणाऱ्या शत्रूला थॉर मारू शकतो, पण त्या लढाईतून तो धडधाकट परत येत नाही. हे वाक्य पुराणालाही धरून आहे आणि अंकालाही, आणि तुमच्या मित्राला ते खोडता येणार नाही.

राहता राहिला चित्रपटांचा घोळ. २०१८ च्या ‘अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये थॉर निडावेलिरची, म्हणजे जिथे ताऱ्याच्या उष्णतेवर शस्त्रं घडवतात त्या भट्टीची, यंत्रणा स्वतःच्या हातांनी उघडी धरतो आणि ताऱ्याचा झोत अंगावर घेतो. ‘ताऱ्याची संपूर्ण शक्ती अंगावर घेतली’ म्हणून तो प्रसंग कॉमिक्सच्या वादात आणला जातो. संपूर्ण शक्ती हे शब्द बुटका लोहार एट्री त्याला सावध करण्यासाठी वापरतो, ते मोजमाप नव्हे. पडद्यावर एका झोताचा माणसाच्या आकाराएवढा भाग त्याच्या अंगावर येतो, आणि तेवढ्यानेही तो मरणाच्या दारात जातो. झोताची रुंदी किती आणि त्यात ताऱ्याच्या ऊर्जेचा वाटा किती, हे चित्रपट सांगत नाही. आणि मुळात तो वेगळ्या जगातला थॉर आहे. त्याची ताकद, त्याचे नियम आणि त्याचा हातोडाही वेगळा. तुम्ही दोघं कॉमिक्समधल्या थॉरवर बोलत असाल, तर चित्रपट बाहेर ठेवा. चित्रपटातल्यावर बोलायचं असेल, तर सर्प, एक्सिटार आणि फायरलॉर्ड तिघांनाही बाहेर ठेवावं लागेल. मग तुमच्या हातात फारच थोडे प्रसंग उरतील आणि वाद निम्म्या वेळात आटपेल.

पुढच्या वेळी भेटाल तेव्हा सोबत ‘जर्नी इंटू मिस्टरी’ ११२ आणि ‘थॉर’ १२६, २७२ व ३८० हे अंक घेऊन बसा. सुट्या चौकटी नकोत, पूर्ण अंक वाचा. तुमचा मित्र १२६ वाचल्यावर हर्क्युलिसचा मुद्दा स्वतःहून मागे घेईल असं मला वाटतं. आणि २७२ वाचल्यावर तुम्हालाही ‘उचलला’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटेल.